सनद हाती आली, शिकविण्याचे काय?

गावच्या शाळेला मास्तर मिळाला एवढ्यावर एके काळी पालक समाधान मानीत. व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला आणि ट्रेनिंग कॉलेजातून तयार होऊन आलेला मास्तर म्हणजे गावाचे भूषणच. आता काळ पालटला आहे. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि त्याच वर्षीच्या 23 ऑगस्ट रोजी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षकाची किमान अर्हता ठरवून दिली. सहावी ते आठवीच्या वर्गांवर शिकवू इच्छिणाऱ्याने पदवी घ्यावी, दोन वर्षांची अध्यापन पदविका अथवा बी. एड. करावे आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावे, हा त्यातील नेहमीचा मार्ग. नियम योग्य आहे. त्यास आमचा विरोध नाही. परंतु ही सनद हाती आली म्हणजे शिकविता येऊ लागले काय, हा आमचा सवाल आहे.

केंद्रीय पात्रता परीक्षेचेच उदाहरण घ्या. दीडशे प्रश्न, दिलेल्या चार उत्तरांतून एक निवडायचे. बालविकासाला 30 गुण, दोन भाषांना मिळून 60, आणि गणित-विज्ञान अथवा सामाजिक शास्त्रे यांना 60. सर्वसाधारण उमेदवाराने शेकडा 60 गुण मिळविले की तो पात्र ठरला. या साऱ्या खटाटोपात उमेदवार एकाही मुलासमोर खडू हाती घेऊन उभा राहत नाही. ही परीक्षा म्हणजे चाळणी आहे. चाळणीने खडे निघतात. पीक काही येत नाही. आणि महाराष्ट्रात 2019-20 च्या परीक्षेत तर चाळणीलाच भोके पाडण्यात आली. गैरप्रकार उघडकीस आल्यावर 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करणे परीक्षा परिषदेस भाग पडले.

सहावीच्या वर्गातला एखादा मुलगा एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी करतो. खरे उत्तर पाच षष्ठांश, हे कोणताही पदवीधर सांगेल. पण मुलाने अंशांत अंश आणि छेदांत छेद का मिळविले, हे ओळखणे हे शिक्षकाचे काम. अर्ध्या भाकरीत आणखी काही भर घातली तर ती अर्धीहून कमी कशी होईल, एवढे विचारून तो मुलास त्याचीच चूक दाखवून देतो. मग दोन्हींचे सहा सारखे तुकडे करावयास लावतो. अकरा ते चौदा हे वयच असे, की हातात धरता येणाऱ्या वस्तूंकडून ऋण संख्येकडे आणि बीजगणिताच्या अक्षराकडे मुलाला न्यावयाचे असते. या उंबरठ्यावर जो अडखळला त्याला पुढे हायस्कुलात गणित कायमचे वैरी होते. ही विद्या गाइडे घोकून येत नाही. पाण्यात पडल्यावाचून पोहणे कोणास आले आहे?

सरकारी नियमांस हे ठाऊक नाही असे नव्हे. परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविण्याचे बंधन घातले. परंतु वीस आठवड्यांत पाठ किती झाले, मागच्या बाकावर बसून ते कोणी पाहिले, चुका दाखवून तोच पाठ पुन्हा घेतला गेला काय, हे विचारणारा कोणी हवा. तो नसेल तर टाचणाच्या वह्या रंगतात आणि पाठ कागदावरच राहतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने 2012 मध्येच अध्यापक शिक्षणाच्या दुरवस्थेवर बोट ठेवले होते.

पुढे 1 सप्टेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाने निवाडा दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाच्या पोटात गोळा यावा असाच हा प्रसंग. मुलांच्या हिताचा मुद्दा आम्ही अमान्य करीत नाही. पण परीक्षेचा बडगा उगारणाऱ्या शासनाने त्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी काय केले, हेही जनतेस सांगावे.

आणि आम्हां सीमाभागातील लोकांस यापुढचा एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. वरील कायद्याच्या 29 व्या कलमात शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. मग मातृभाषेत शिकविणारा शिक्षक मातृभाषेत घडविला नको काय? ज्याने शिकविण्याचे धडे कन्नडात वा इंग्रजीत घेतले, त्याला मराठी वर्गावर उभे केले तर लसावि, मसावि, छेद, ऋण हे शब्द तो पाठ करून म्हणेल. पण अडलेल्या मुलाशी त्याच्या बोलीत दोन वाक्ये बोलून गाठ सोडविणे त्यास जड जाईल. कन्नड आमच्या मुलांनी अवश्य शिकावी. तिच्याशी आमचे भांडण नाही. मराठी शाळेचा शिक्षक मराठी वर्गात तयार व्हावा, इतकेच आमचे म्हणणे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. सनद देताना कागदी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष पाठाचीही कसोटी घ्या. सरावाचे आठवडे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली पार पाडा आणि त्या देखरेखीचा त्यास मोबदला द्या. मराठी शाळांच्या भावी शिक्षकांस सरावासाठी मराठी शाळाच द्या. शासन हे करील तेव्हा करील. शाळा सुधारणा समित्यांनी मात्र वाट पाहत बसू नये. आपल्या शाळेत सरावाला येणाऱ्या तरुणांना मोकळ्या तासाचे बदली शिक्षक समजून राबवून घेऊ नका. त्यांना वर्ग द्या, जाणता मार्गदर्शक द्या आणि त्यांचे पाठ मागे बसून ऐका. आज त्यांना मन लावून घडवाल, तर उद्या तुमचीच मुले त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपविता येतील.