बैठे डेस्क मोडीत काढण्यापूर्वी

वाडे पडून सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा वाटणीतल्या भांड्याकुंड्यांबरोबर आजोबांचे उतरत्या झाकणाचे बैठे डेस्कही अनेक घरांत आले. खुर्ची-टेबलाच्या संसारात ते अडगळ ठरते आणि रद्दीबरोबर मोडीत जाते. आपण काय विकत आहोत, हे तरी आधी जाणून घ्यावयास नको काय?

परीक्षा अवघड नाही. झाकण उघडून आतली, पॉलिश न लागलेली बाजू पाहावी. सागवान सोनेरी तपकिरी व किंचित तेलकट. शिसवी त्याहून जड, गर्द आणि काळसर रेषांची. कडेला थरांवर थर दिसले, तर ते प्लायवूड. पारव्याच्या शेपटीसारखे सांधे थोडे असमान असतील आणि तळाशी रंध्याच्या पुसट लाटा बोटांना जाणवतील, तर ते हातकाम समजावे.

ओळख पटली की उंच पाय ठोकण्याचा आणि झळझळीत रंग फासण्याचा मोह होतो. तो आवरावा. लाखेचे पॉलिश स्पिरिटने विरघळते. काचकागदाने घासल्यास लाकडावर चढलेली जुनी कांती कायमची जाते. उपयोग मात्र अवश्य बदलावा. जमाखर्चाच्या वह्यांच्या जागी दाखले व गुणपत्रिका ठेवाव्यात. झाकणावर मुलांनी अभ्यास करावा. जे पूर्ववत करता येणार नाही, ते करू नये, एवढेच पथ्य.

लावलेला साग तोडणीयोग्य होण्यास साधारण ५० ते ८० वर्षे लागतात. असे लाकूड भंगाराच्या भावाने देऊन भुशाच्या फळ्यांचे टेबल हप्त्याने आणणे, ही काटकसर नव्हे.