नावाआधीचं ‘डी’

जर्मन भाषेत नामाआधी उपपद येतं. पुल्लिंगी ‘डेर’, स्त्रीलिंगी ‘डी’, नपुंसकलिंगी ‘डास’ (चावणारा नव्हे!). ते माणसांच्या नावांनाही लागतं. दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात बोलताना ‘डेर पेटर’, ‘डी आना’ असं सर्रास म्हणतात. उपपद दोघांनाही मिळतं, तिथे माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती आडनावांची. बोलताना ‘डेर श्रोडर’ही ऐकू येतं, पण लिहिताना पुरुषाचं आडनाव नुसतं आणि बाईच्या आडनावाला ‘डी’, ही तिकडची जुनी रीत. अँगेला मर्केल २००५ ते २०२१ चॅन्सेलर होत्या, तरी ‘डी मर्केल’ सुटलं नाही. समर्थन असं, की आडनावावरून बाई कळत नाही, म्हणून खूण हवी. मग पुरुष कसा कळतो? नुसतं आडनाव म्हणजे पुरुषच, हे गृहीत धरलेलं असतं म्हणून! लुइझे पुश यांच्यासारख्या स्त्रीवादी भाषाशास्त्रज्ञ भाषेतल्या अशा भेदांवर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून लिहीत आल्या आहेत.

राइनलँडच्या काही बोलींत तर ‘डास आना’ म्हणतात, चक्क नपुंसकलिंग. घरातल्या, ओळखीतल्या मुलीबाईला ‘डास’. परक्या, मानाच्या बाईला ‘डी’. आपल्याकडे कोकणीतही तरुण मुलगी ‘तें’ असते: ‘तें आयलें’. त्यात माया असते, हे मला मान्य आहे. पण मान हवा तर लिंग बदलावं लागतं, अशी ती माया आहे.

मराठीत उपपद नाही, पण ‘बाई’ आहे. आपण ‘थॅचरबाई’ वाचल्या, ‘इंदिराबाई’ वाचल्या. रेगन मात्र नुसते रेगन.

आणि मैत्रिणींनो, आपल्या केस-पेपरचं काय? नवरा ‘श्री. जाधव’ आणि बायको ‘सुनीता’, नाहीतर ‘सदर महिला’. हाच कागद पोटगीच्या, मारहाणीच्या प्रकरणात वकिलाकडे जातो, कोर्टात जातो. वाचणाऱ्यापुढे एक गृहस्थ उभा राहतो आणि एक सुनीता. तिचं म्हणणं तिथेच अर्धं हलकं होतं. माझं म्हणणं, दोघांची नावं एकाच पद्धतीने, पूर्ण लिहावीत. ती ‘अर्जदार’ असेल तर तो ‘जाबदार’. पुढचे तीन महिने असे अहवाल लिहा आणि जुने शेजारी ठेवून बैठकीत मोठ्याने वाचा.