उखाणा आणि पाळत

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि पालकसभांतून एक सल्ला हल्ली वारंवार ऐकू येतो. किशोरवयीन मुलांशी जवळीक साधायची असेल तर त्यांना खेळकर मेसेज पाठवा. विनोदी चित्रे धाडा, त्यांची लघुरूपे शिकून घ्या, रागावण्याऐवजी एखादा हसरा चेहरा टाका. मूल आपोआप मोकळे होईल. वरवर पाहता सल्ला निरुपद्रवी आहे. पण त्यामागची खेळाची कल्पनाच खोटी आहे, आणि भाषा-साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तरी ती मुकाट्याने स्वीकारू नये.

या सल्ल्याची खरी कसोटी उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात लागते. बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर दूर. लोकलने एका वेळचा प्रवास सुमारे दीड तासाचा. घर ते फलाट आणि फलाट ते कचेरी हे निराळेच. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या आईबापांचा मुलांशी दिवसभराचा संबंध उरतो तो मेसेजपुरता. त्यात 'वन आरके'चे घर. सगळ्यांसमक्ष बोलता येत नाही ते एकाच खोलीत बसलेली दोन माणसेही फोनवर लिहून मोकळी होतात. तेव्हा इथे मेसेजला संवादाची पुरवणी म्हणणे चूक ठरेल. अनेक घरांत तोच संवादाचा मुख्य मजकूर आहे. म्हणूनच त्याचे काय करायचे हा प्रश्न पुरवणीवाल्यांवर सोडून देण्याजोगा नाही.

मुळात खेळकर भाषा जन्माला का येते? आपला उखाणा पाहा. नवऱ्याचे नाव उघड घेण्याची चोरी होती, म्हणून ते यमकात लपवून घ्यायची रीत पडली. कोड्यात वस्तूचे नाव दडवलेले असते. मुक्ताबाईंच्या कूट रचनेतही अनुभव सरळ सांगता येत नाही, म्हणून उलटा मांडलेला दिसतो. या सगळ्या प्रकारांत बोलणाऱ्याला आडोसा मिळतो. किती उघड करायचे हे त्याच्या हाती राहते आणि ऐकणारा तो आडोसा मान्य करतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला नेमकी हीच गरज असते. त्याला बरेच सांगायचे असते, पण सरळ सांगायची चोरी असते.

पुरवणीतला खेळकरपणा हा आडोसाच काढून घेतो. 'आज कोणकोण भेटलं, सांग बघू' या वाक्यापुढे तीन हसरे चेहरे लावले म्हणून चौकशीचा खेळ होत नाही. निळ्या खुणा पाहून 'वाचलंस ना, मग उत्तर का नाही?' असे विचारणारी पाळत आणि विनोदाच्या वेषात आलेली पाळत यांत मुलांना फरक दिसत नाही. तो नाहीही. त्याहून वाईट म्हणजे मुलाने विश्वासाने केलेली कोटी कौतुकाने नातेवाइकांच्या गटात टाकणे. त्या एका कृतीने आडोसा कायमचा मोडतो. खेळात हरण्याची तयारी लागते आणि उत्तर न मिळण्याचीही. माहिती काढण्यासाठी मांडलेल्या डावात ही तयारी असूच शकत नाही.

दुसरी बाजू आपल्याच गोटातली. रोमन लिपीतल्या मराठी मेसेजांनी भाषा बुडाली, अशी हाकाटी मराठीचे अध्यापक पंचवीस वर्षे करीत आले आहेत. त्यांनी तंत्राचा साधा हिशेब मांडलेला दिसत नाही. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरी लिहिताच ही मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'मराठी' हा तीन अक्षरांचा शब्द पाच जागा खातो. मोजून पैसे भरणाऱ्या माणसाने रोमन निवडली यात भाषाद्रोह कसला? पुढे इंटरनेटवरचे मेसेज आले, मर्यादा गेली, पण बोटांना लागलेली सवय राहिली.

या रोमन मराठीतही खेळ कसा रंगतो ते पाहा. समजा, लोकलमध्ये उभी असलेली आई घरातल्या मुलाशी स्थानकांच्या भेंड्या खेळते आहे. बदलापूर, मग र वरून रे रोड, ड वरून डोंबिवली, ल वरून लोअर परळ. आता आला ळ, आणि गाडी अडली, कारण मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. मुलगा म्हणणार, रोमनमध्ये ल आणि ळ एकच, तेव्हा ल चालेल. आई म्हणणार, उच्चार वेगळा, तू हरलास. या तंट्यात मूर्धन्य आणि दंत्य ध्वनींचा जो धडा होतो तो वर्गात आठवडाभर शिकवून होत नाही. शिवाय दोघांपैकी कोणीही कोणाची चौकशी केलेली नसते.

उल्हासनगरात हा मुद्दा अधिक खोल जातो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली. १९६७ साली सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण अरबी लिपी की देवनागरी हा वाद मिटला नाही. आजोबांची लिपी नातवाला वाचता येत नाही, अशी घरे तिथे कमी नाहीत. अशा घरात रोमन अक्षरांत लिहिलेली एखादी पिरोली, म्हणजे सिंधी कोडे, दोन पिढ्यांना एका ओळीवर आणू शकते. तिला 'भ्रष्ट लेखन' म्हणणाऱ्याने त्या घराला दुसरी कोणती लिपी देऊ केली आहे?

यावर आक्षेप येईल की हा सगळा पोरखेळ आहे. गंभीर गोष्टी समोरासमोरच बोलाव्यात. बोलाव्यात, अवश्य. पण त्या बोलण्यासाठी आधी विश्वास साठावा लागतो आणि तो चौकशीतून साठत नाही. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली 'सुंदर पत्रे' आपण अभ्यासक्रमातल्या संस्कारकथांसारखी वाचतो. त्यांत विचारणे किती थोडे आणि सांगणे किती आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. लिहिणारा आधी स्वतःकडचे काही देतो. उत्तराची वसुली करीत नाही.

आईबापांनी मुलांची लघुरूपे पाठ करण्याची मुळीच गरज नाही. उसनी तरुण भाषा हास्यास्पद वाटते आणि मुलांना ती तत्काळ ओळखू येते. आपल्याकडचे कोडे, आपली म्हण, आपली फसलेली कोटी पाठवावी. विठ्ठलवाडीला गाडी अर्धा तास थांबली असेल तर त्या अर्ध्या तासात काय दिसले ते लिहावे. उत्तर आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावे. कालच्या उत्तराचा जाब मात्र मागू नये.