काळी यादी नको, जागी सदसद्विवेकबुद्धी हवी

अलीकडे आमच्याकडे एक मागणी वारंवार येऊ लागली आहे. मोबाइलवरचे कोणते खेळ ख्रिस्ती मुलांनी खेळावेत आणि कोणते खेळू नयेत याची यादी धर्मगुरूंनी तयार करावी, रविवारच्या मिस्सानंतर ती वाचून दाखवावी आणि चर्चच्या दारावर लावावी, अशी ही मागणी आहे. ती करणारे पालक श्रद्धावंत आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. तरीही अशी यादी आम्ही करणार नाही. का करणार नाही, हे स्पष्ट करण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम आपली परिस्थिती पाहू. १९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या वाशीम जिल्ह्यात, अमरावती धर्मप्रांताच्या या भागात, आपली ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. घराचा हिशेब सोयाबीन आणि तुरीवर, नाहीतर मजुरीवर चालतो. अशा घरांत मोठ्या पडद्याचा मोबाइल चैनीची वस्तू म्हणून आला नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या, शिक्षण मोबाइलवर सुरू झाले आणि तो पाटी-पुस्तकाच्या नावाने, पुष्कळ ठिकाणी उधारीवर, घरात आला. शाळा पुन्हा उघडल्या, मोबाइल मात्र मुलांच्या हातातच राहिला. आणि ज्या मोबाइलवर मुलगा खेळतो, त्याच मोबाइलला बापाचे बँक खाते जोडलेले असते. प्रश्नाचे खरे मूळ येथे आहे. यादी मागणाऱ्यांची नजर मात्र खेळातील भुताखेतांच्या चित्रांवर खिळलेली आहे.

यादीचा प्रयोग पवित्र ख्रिस्तसभेने पूर्वी केलेला आहे, हे आपण विसरता कामा नये. १५५९ साली पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली. तिच्या आवृत्त्या पुढे चार शतके निघत राहिल्या. १९६६ साली, पोप सहावे पॉल यांच्या काळात, त्या सूचीचे कायदेशीर बंधन संपुष्टात आले. याचा अर्थ त्यानंतर वाटेल ते वाचण्याची मुभा मिळाली असा नव्हे. श्रद्धेला आणि नीतीला घातक असे वाचन टाळण्याचे नैतिक कर्तव्य ख्रिस्तसभेने कायम ठेवले. फक्त ते दारावरच्या कागदावरून काढून भाविकाच्या विवेकबुद्धीवर सोपवले. जे ग्रंथांच्या बाबतीत चारशे वर्षांच्या अनुभवाने बाजूला ठेवले गेले, ते रोज नव्याने निघणाऱ्या खेळांच्या बाबतीत एका धर्मग्रामाने पुन्हा उभे करावे काय? यादीची शाई वाळण्याच्या आत मुलांकडे नवा खेळ आलेला असेल. आणि जो खेळ यादीत नाही तो निर्दोष, असा नवा गैरसमज आम्हीच निर्माण केलेला असेल.

शिवाय यादी करणारा चित्राकडे पाहतो, आणि चित्र फसवते. १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या 'डूम' नावाच्या खेळात नरक आहे, राक्षस आहेत, रक्तपातही आहे. वरवर पाहणारा त्यावर ताबडतोब फुली मारील. पण त्यात खेळणारा राक्षसांच्या बाजूने नव्हे, त्यांच्या विरुद्ध लढतो. आता मोबाइलवरची रमी घ्या. तिच्यात रक्त नाही, राक्षस नाही, उघडीवाघडी स्त्री नाही. चार रंगांची पाने आणि हसतमुख जाहिरात एवढेच. यादीवाल्यांच्या कसोटीला ही रमी शंभर गुणांनी उतरते, आणि तिनेच घरातील पेरणीचे पैसे नेलेले असतात.

सरकारी बंदीचा अनुभवही हेच सांगतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पब्जी होता. तेव्हा कित्येक मातांनी देवाचे आभार मानले. परंतु त्या बंदीचे कारण देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती हे होते, मुलांचे चारित्र्य नव्हे. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ भारतासाठी नवे नाव घेऊन आला. २८ जुलै २०२२ रोजी तो पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. आज पाप, उद्या पुण्य, परवा पुन्हा पाप अशी नीती असू शकते काय? नवा अवतार घेताना त्या खेळातील रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादाही घालण्यात आली. रक्त हिरवे झाले म्हणून समाधान मानणाऱ्यांनी सात हजारांचा आकडा वाचला नसावा. २०२१-२२ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे माउलीने अठ्ठावीस दिवस घाम गाळून जे मिळवावे, ते तिच्या लेकराने एका दिवसात उधळले तरी ते मर्यादेच्या आतच! आमच्या मते त्या खेळाचे खरे रक्त तेथे सांडते, आणि त्याचा रंग हिरवा नाही.

मग ख्रिस्ती माणसाने निवड कशाच्या आधारे करावी? त्यासाठी नवे शास्त्र शोधण्याची गरज नाही. कोणत्याही मानवी कृतीची नीतिमत्ता तीन गोष्टींवरून ठरते, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते: प्रत्यक्ष कृती काय आहे, ती करण्यामागील हेतू कोणता आणि ती कोणत्या परिस्थितीत केली जाते. खेळालाही हीच तीन मापे लावावीत.

पहिले माप कृतीचे. खेळ आपल्याला कशात आनंद मानायला शिकवतो? खोटी लढाई म्हणजे खून नव्हे; बुद्धिबळाच्या पटावरही राजा कोंडला जातो आणि चोर-पोलीस खेळणारी मुले तुरुंगात जात नाहीत. परंतु 'ग्रँड थेफ्ट ऑटो'सारख्या खेळांत गाड्या चोरणे आणि माणसे मारणे हा कमाईचा मार्ग होतो आणि वेश्येकडे जाणे ही करमणूक होते, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. येथे पापाचे नुसते चित्रण नाही, खेळणाऱ्याला बोट धरून त्यात चालवले जाते आणि शाबासकीही दिली जाते. पाप हाताने घडण्याआधी अंतःकरणात घडते, हे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात व्हिडिओ खेळांचा स्पष्ट उल्लेख केला होता. हिंसेचा गौरव करणारी आणि लैंगिकतेला क्षुल्लक ठरवणारी करमणूक ही विकृती आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. तेव्हा "हा तर नुसता खेळ आहे" असे म्हणून खांदे उडवणाऱ्यांशीही आमचे जमणार नाही. असे खेळ प्रौढानेही खेळू नयेत, मग मुलांची गोष्ट दूरच.

दुसरे माप हेतूचे. येथे आम्हांला कडक पालकांना दोन शब्द सांगावयाचे आहेत. खेळणे हे पाप नाही. संत थॉमस अक्विनास यांनी खेळकरपणाला सद्गुणांत स्थान दिले आहे आणि जो स्वतः कधी विनोद करत नाही व दुसऱ्याचाही सहन करत नाही, त्याच्या वागण्याला दोष म्हटले आहे. धनुष्याची दोरी अखंड ताणून ठेवली तर धनुष्य मोडते, तसेच माणसाच्या मनाचे होते, हा संत योहानाच्या नावाने सांगितला जाणारा दृष्टान्त त्यांनी याच संदर्भात दिला आहे. दिवसभर वर्गात आणि शेतात राबलेल्या मुलाने मित्रांबरोबर अर्धा तास क्रिकेटचा किंवा मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळला, तर त्याच्यावर नरकाची भीती घालणे हा धर्म नव्हे. मात्र तोच खेळ घरातल्यांपासून, अभ्यासापासून किंवा स्वतःच्या दुःखापासून तोंड लपवण्यासाठी असेल, तर ती विश्रांती राहत नाही, ती पळवाट होते.

तिसरे माप परिस्थितीचे, आणि आमच्या जिल्ह्यात सर्वाधिक नुकसान येथेच होते. कोणाचा वेळ, कोणाचे पैसे, कोणते कर्तव्य बाजूला सारून? संधिखेळ स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नाहीत, पण स्वतःच्या वा इतरांच्या निर्वाहाला आवश्यक ते हिरावून घेतात तेव्हा ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. द्यूतात राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावणाऱ्या युधिष्ठिराची कथा या मातीत प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी पोळ्याच्या दिवशी पत्ते पिसले जातात, वरली मटक्याचे आकडे लावले जातात आणि आता तोच अड्डा खिशात आला आहे.

या अड्ड्याला प्रतिष्ठा कोणी दिली? अशा जाहिरातीत सचिन तेंडुलकर यांनी काम केल्याच्या निषेधार्थ ऑगस्ट २०२३ मध्ये अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्यातील घरासमोर आंदोलन केले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्यांनी आरोप नाकारला. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले! पुढच्याच महिन्यात, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तो शिकार आहे. मोठ्या कंपन्यांनी आपली दुकाने आवरली. या कायद्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु दुकान बंद झाल्याने व्यसन बंद होत नाही. शिवाय मुलांच्या साध्या दिसणाऱ्या खेळांत 'डायमंड' विकत घेऊन नशिबाचे चक्र फिरवण्याची सोय असतेच. बंदूक किंवा पोशाख मिळेल की नाही हे नशिबावर, पैसे मात्र आधीच गेलेले. दहा वर्षांच्या मुलाला आकडा लावायला शिकवणारी ही शाळा आहे.

येथे कोणी म्हणेल, "फादर, सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात हाऊजी चालते, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर टाळण्यासारखे नाही. हाऊजीला हीच तीन मापे लावा. शेजारी एकत्र बसतात, तिकीट चहाच्या किमतीचे असते, खेळ तासाभरात संपतो आणि हरलेला हसत घरी जातो. तेथे माणूस खेळाचा धनी असतो. ज्या दिवशी तिकिटासाठी कोणी उसने मागू लागेल, त्या दिवशी अंगणातील हाऊजीही बंद झाली पाहिजे. रमीला एक न्याय आणि हाऊजीला दुसरा, असे आमचे म्हणणे नाही. न्याय एकच, आणि तो यादीपेक्षा कठोर आहे, कारण यादीला पळवाटा असतात, विवेकबुद्धीला नसतात.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी कार्लो अक्युटिस या मुलाला संतपद बहाल केले. १९९१ साली जन्मलेला आणि २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या पंधराव्या वर्षी गेलेला हा मुलगा संगणकावर प्रेम करणारा होता. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते आणि खेळण्यासाठी त्याने स्वतःवर आठवड्याला एका तासाची मर्यादा घातली होती. मुले आम्हांला सांगतात, "संतही खेळत होता." खरे आहे. पण बाळांनो, दुसरे अर्धे वाक्यही म्हणा: संत एक तासाने थांबत होता. कोणी यादी वाचून दाखवली म्हणून नव्हे. स्वतःचे स्वातंत्र्य त्याला खेळापेक्षा प्रिय होते म्हणून. सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी आपण कशाच्याही सत्तेखाली जाणार नाही, हा संत पौलाने करिंथकरांपुढे मांडलेला निर्धार याहून वेगळा नाही.

आता पालकांना एक कटू गोष्ट. बाप ओट्यावर बसून पानांचा डाव टाकत असेल आणि आई जेवणाच्या ताटावर मोबाइल पाहत असेल, तर मुलासाठी यादी मागण्याचा त्यांना अधिकार काय? दारावर यादी लावली की आपली जबाबदारी संपली, असे मानण्यासाठीच ती हवी असते, असा आमचा रोखठोक आरोप आहे. घर ही पहिली ख्रिस्तसभा आहे, आणि तिचे धर्मगुरू आई-वडील आहेत.

म्हणून यादीऐवजी आम्ही चार कामे सांगतो. मुलगा खेळतो तो खेळ त्याच्याशेजारी बसून एकदा पाहा. बँक खाते जोडलेला मोबाइल मुलाच्या हाती देऊ नका. रात्रीच्या प्रार्थनेनंतर घरातील सर्व मोबाइल, वडिलांचाही, एका फळीवर ठेवा. आणि चर्चचे अंगण संध्याकाळी मुलांना कबड्डीसाठी, खो-खोसाठी मोकळे करू या. मैदान काढून घेऊन मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला थांबायचे असूनही थांबता येत नाही, त्याला पापी म्हणून हिणवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या वर्गीकरणात खेळाच्या अशा विकाराची नोंद आजारांत केली आहे. त्याला प्रायश्चित्त संस्काराइतकीच डॉक्टरांचीही गरज असू शकते. सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मुलांना कोणते खेळ खेळू नयेत हे सांगणे सोपे आहे. आईने हाक मारली की डाव अर्धा टाकून उठता येईल असे मन घडवणे कठीण आहे. ज्याला असे उठता येते त्याला आमच्या यादीची गरज नाही, आणि ज्याला उठता येत नाही त्याला कोणतीही यादी वाचवणार नाही. म्हणून चर्चच्या दारावर तो कागद लागणार नाही. तेथे जागा मोकळी ठेवली आहे. काम मात्र प्रत्येकाच्या घरी आहे.