डोक्याचा स्कॅन म्हणजे निकालपत्र नव्हे

आमच्या नवेगाव बांध परिसरात डोक्याला मार लागलेला रुग्ण बहुधा मोटारसायकलवरून पडलेला असतो. त्याला गोंदियाला किंवा नागपूरला नेतात, सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्ट हाती येताच नातेवाईक विचारतात, "डॉक्टरसाहेब, पहिल्यासारखा होईल ना?" त्या उत्तरावर शेत गहाण ठेवायचे की रुग्णाला घरी न्यायचे, हे ठरणार असते. माझे स्पष्ट मत असे की, हा निर्णय केवळ एका स्कॅनवरून कधीही घेऊ नये.

पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कवटीत रक्त साकळले आहे काय, मेंदू एका बाजूला सरकला आहे काय, ऑपरेशन तातडीने हवे काय, हे स्कॅनवरून लगेच कळते. म्हणून स्कॅनला उशीर नको.

पण स्कॅन हा त्या घटकेचा फोटो असतो. काही तासांनी रक्तस्राव वाढू शकतो. याउलट मेंदूतील बारीक तंतू तुटले असतील, तर सीटी स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसूनही रुग्ण बेशुद्धच राहतो. अशा वेळी एमआरआयमध्ये अधिक दिसते.

२००८ साली 'क्रॅश' या अभ्यासात १०,००८ रुग्णांच्या माहितीवरून भाकिताची रीत बसवली गेली. तीत स्कॅनबरोबर वय, शुद्धीची पातळी, डोळ्यांच्या बाहुल्या व इतर मोठ्या जखमाही धरतात. तरीही हाती येते ती फक्त शक्यता. समजा, अशा शंभरांपैकी सत्तर दगावतात. आपला माणूस उरलेल्या तिसांत आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

म्हणून वाचकहो, डॉक्टरांना हे विचारा: शुद्धीचे गुण (३ ते १५) काल किती होते, आज किती आहेत? पुन्हा स्कॅन लागेल का? उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात का? सुधारणा अनेक महिने चालू राहू शकते. मात्र दिवसामागून दिवस सर्वच खुणा वाईट दिसत असतील आणि तज्ज्ञही तेच सांगत असतील, तर ते ऐकण्याची तयारीही ठेवावी.