विश्लेषण : प्रगतिपत्रक घरी पोहोचते, तेव्हा आईवडील उसाच्या फडावर असतात

शिरूर कासार तालुक्यात शाळेचे आणि ऊसतोडीचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. प्रथम सत्राची परीक्षा दिवाळीच्या सुट्टीआधी होते आणि निकाल सुट्टीनंतर हातात पडतो. तोवर मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्यांचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोहोचलेला असतो. गळीत हंगाम संपवून ही माणसे मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या वेळी दहावीची परीक्षा उरकलेली असते आणि बाकी वर्गांचे वर्ष संपत आलेले असते. प्रगतिपत्रकावरच्या ‘पालकांची स्वाक्षरी’ या रकान्यात मग आजीचा अंगठा उमटतो. शाळेच्या दप्तरी मात्र ‘पालकांना कळवले’ अशी नोंद पूर्ण होते.

पालकांना खरोखर काय कळले, हा प्रश्न त्या नोंदीत कुठेच नसतो.

आठवीपर्यंतच्या पत्रकात काय असते?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. यात दोन भाग असतात. आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर वर्गात घेतलेला अंदाज. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्याची साधने. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. सातवी-आठवीत आकारिकला ४० आणि संकलितला ६० टक्के भार असतो.

एकत्रित गुणांवरून श्रेणी ठरते. ९१ ते १०० गुणांना अ-१, ६१ ते ७० ना ब-२, ५१ ते ६० ना क-१, ३३ ते ४० ना ड. त्याखाली इ-१ आणि इ-२. सोबत शिक्षकाच्या वर्णनात्मक नोंदी असतात.

ही पद्धत आली तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांनी पत्रक हातात घेतले आणि विचारले, ‘‘क-१ म्हणजे पास का नापास?’’ मला सांगता आले नाही. खालची नोंद होती, ‘अभ्यासात सातत्य हवे’. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पत्रकावरही तेच वाक्य होते.

कल्पना चांगलीच होती. एका पेपरवर मुलाची किंमत ठरू नये, हे कुणीही मान्य करील. पण पन्नास मुले आणि आठ-नऊ विषय यांच्या नोंदी लिहायच्या म्हटल्यावर तयार वाक्यांच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. मुलाचे वर्णन करणारी नोंद कुठल्याही मुलाला चालेल अशी झाली.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षेची संधी असते. त्यातही उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. त्यामुळे ‘आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही’ हा समज आता चुकीचा आहे. अनेक घरांत तो अजून टिकून आहे.

अंतर्गत गुणांवर किती विसंबायचे?

दहावीत शंभरपैकी ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. या वीस गुणांचे वजन राज्याने आकड्यांत पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीचे वर्षभराचे काम आणि तोंडी-प्रात्यक्षिक यांवर निकाल लावला गेला. तो होता ९९.९५ टक्के.

२०१९ मध्ये अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेची धाटणीही नवी होती. २०२० मध्ये भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. त्यामुळे सगळा चढउतार अंतर्गत गुणांच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. पण एका वर्षात मुलांची समज अठरा टक्क्यांनी वाढली, असेही कुणी म्हणणार नाही. बदलला तो मुख्यतः मोजण्याचा फूट.

अभियांत्रिकीला आम्हाला ‘टर्म वर्क’चे २५ गुण असत. फाइल वेळेत दिली की बहुतेकांना २१ ते २३ मिळायचे. ज्या मापकावर सगळ्यांचे वाचन सारखेच येते, त्या मापकाला प्रयोगशाळेत बिघडलेले म्हणतात. शाळेचे वीसपैकी अठरा गुण आईवडिलांना याहून फार वेगळे काही सांगत नाहीत.

पालकांना नेमके काय कळायला हवे?

‘असर’च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातील मुलांची पाहणी होती. सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे फक्त ४३.३ टक्के मुलांना जमले. हे देशपातळीचे आकडे आहेत, बीडचे नव्हेत. पण यातली बहुतेक मुले शाळा-कॉलेजात नाव असलेली होती. म्हणजे त्यांच्याही घरी कधी ना कधी पत्रक गेलेच असेल.

‘मुलगी नववीत आहे, तिला भागाकार येत नाही’ हे वाक्य न शिकलेल्या आईलाही कळते. ‘गणित : क-२’ हे शिकलेल्या बापालाही कळत नाही.

आणि इथे ते कळण्याची वेळ महत्त्वाची आहे. मुलीला सोबत न्यायचे, आजीजवळ ठेवायचे, वसतिगृहात घालायचे की शाळा थांबवून लग्न उरकायचे, हा निर्णय उचल घेताना होतो. त्या वेळी घरात मुलीच्या अभ्यासाबद्दल एकही पक्की गोष्ट माहीत नसते. ती विज्ञानात वर्गात पुढे आहे, हे कळले असते तर काही घरांचा निर्णय वेगळा झाला असता, असे मला वाटते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, पालकसभा कोयता हलण्याआधी घ्यावी. सत्र परीक्षेची वाट पाहण्याची गरज नाही; घटक चाचणी आणि वर्गातले काम एवढा आधार पुरेसा आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा किंवा दसऱ्याच्या आधीचे दिवस इथे सोयीचे ठरतील.

दुसरी गोष्ट, जे गावी नाहीत त्यांना महिन्यातून एकदा आवाजी संदेश पाठवावा. त्यात तीनच वाक्ये असावीत : काय येते, कुठे अडते, पुढच्या महिन्यात काय करायचे. ‘असर’च्याच पाहणीत जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. फडावर रात्री तो संदेश ऐकता येतो, आणि ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा भार आहे, हा आक्षेप खरा आहे. हिशेब करू. पन्नास मुले, प्रत्येकी दोन मिनिटे, म्हणजे महिन्याला एक तास चाळीस मिनिटे. त्या बदल्यात यादीतून उतरवल्या जाणाऱ्या वर्णनात्मक नोंदी शिक्षण विभागाने माफ कराव्यात. ज्या कुणी वाचत नाहीत, त्या लिहिण्यात जाणारा वेळ याहून कमी नसावा.

नव्या शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे. त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे मत, वर्गमित्रांचे मत आणि पालकांचेही मत अपेक्षित आहे. कागदावर हे पुढचे पाऊल आहे. पण ते पत्रकही दिवाळीनंतरच वाटले, तर पालकांच्या मताच्या रकान्यातही आजीचाच अंगठा येईल. शाळांनी यंदाच्या सभेची तारीख ठरवताना एकदा मुकादमांना विचारावे, टोळ्या कधी निघणार. त्याच्या आठ दिवस आधी सभा लावावी. त्यासाठी ना निधी लागतो, ना शासन निर्णय.