संग्रह विकताना काय विकू नये

संग्राहकाचे वय झाले की एक प्रश्न घरात हळूच येऊन बसतो : या सगळ्याचे पुढे काय? नाणी किंवा टपाल तिकिटे असतील तर उत्तर तुलनेने सोपे असते. त्यांच्या सूची छापलेल्या असतात, भाव ठाऊक असतात, घेणारे शोधावे लागत नाहीत. हाताने घडवलेल्या बासऱ्या, पावे, पिपाण्या आणि शिट्ट्या यांच्या संग्रहाला असा ठरलेला बाजार नाही. नवी मुंबईसारख्या शहरात तर या प्रश्नाला वेगळीच धार येते. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यानंतर उभ्या राहिलेल्या या शहरात वाडे नाहीत, माळे नाहीत, पिढीजात फडताळे नाहीत. मोजक्या चौरस फुटांत संसार आणि संग्रह दोन्ही मावायचे असतात. इमारत पुनर्विकासाला निघाली, मुले परगावी गेली, की पहिली गदा संग्रहावर येते. तो विकायचा म्हटले तर आपल्या मराठी मध्यमवर्गीय मनाला कुठेतरी अपराधी वाटते. दान श्रेष्ठ, विक्री हलकी, असे आपण गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतक तपासून पाहावेसे वाटते.

दानाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, कोरीव दरवाजे आणि वाद्ये जमवली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते राज्य शासनाच्या स्वाधीन केले. वस्तूंची संख्या सुमारे २०,००० सांगितली जाते. त्यांपैकी पाहणाऱ्यापुढे मांडलेल्या वस्तू सुमारे २,५००. हा त्या संग्रहालयाचा दोष नव्हे, जगातल्या बहुतेक संग्रहालयांची हीच कथा आहे. परंतु दान देऊ इच्छिणाऱ्याने हे प्रमाण लक्षात ठेवावे. एका व्यक्तीच्या दोन-तीनशे बासऱ्या कुठल्याही संस्थेला दिल्या, तर त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला कोठारातला अंधारच येणार.

दिवा न पेटवताही पाहता येतो. बासरीचे तसे नसते. ती फुंकल्यावाचून कळत नाही. शिवाय बांबू स्वस्थ राहत नाही. पावसाळ्यात तो ओल धरतो, कोरड्या हवेत तडकतो, त्याला कीड लागते. म्हणूनच बासरीच्या अंगावर ठिकठिकाणी दोरा गुंडाळतात आणि तिला अधूनमधून तेल द्यावे लागते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाची बासरी शास्त्रीय मैफलीत आणली. तिची लांबी, तिच्या छिद्रांची जागा हे सारे वाजवता वाजवता ठरत गेलेले ज्ञान होते. ते काचेआडच्या नळीकडे पाहून मिळत नाही. म्हणजे वाजणारी बासरी वाजवणाऱ्याला विकणे ही संग्रहाशी प्रतारणा ठरत नाही. पुष्कळदा तोच तिचा योग्य शेवट असतो. आणि फुकट मिळालेल्या वाद्यापेक्षा पदरचे पैसे मोजून घेतलेले वाद्य लोक अधिक जपतात, हाही व्यवहार आहे.

याला एक सबळ आक्षेप आहे. संग्रह म्हणजे निव्वळ वस्तूंची बेरीज नव्हे. वस्तूंमधले नाते हाच संग्रह. पिसे विकली की मोर उरत नाही, तसे सुटे विकल्यावर ते नाते कायमचे तुटते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर (१८६६–१९४१) यांचे उदाहरण या बाजूने देता येईल. त्यांनी जमवलेली सुमारे १,७०० बासऱ्या व तत्सम सुषिर वाद्ये वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला मिळाली ती वादनाची पुस्तके, चित्रे, मूर्ती यांच्यासकट, आणि अखंड. त्यातलीच, अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यासाठी पॅरिसच्या क्लोद लोराँ याने १८१३ मध्ये घडवलेली स्फटिककाचेची बासरी सप्टेंबर २०२२ मध्ये लिझो या गायिकेने जाहीर कार्यक्रमात वाजवली. संग्रह अखंड राहिला आणि बासरी वाजलीही. पण असे घडायला त्या ग्रंथालयाएवढी संस्था पाठीशी लागते. आपल्या घरातल्या संग्रहाला ती मिळेलच असे नाही. मग ते नाते टिकवायचे कशात?

माझे उत्तर : नोंदीत. इथे साहित्याच्या विद्यार्थ्याला जवळचे एक उदाहरण घेऊ. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाचे मोल संख्येत आहेच, पण त्याहून अधिक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव लिहिण्यात आहे. ‘लोकसाहित्य’ म्हटले की कर्ता अनामिक, या आपल्या आळशी समजाला त्या नोंदीने उत्तर दिले. वाद्यांच्या बाबतीत तो आळस अजून कायम आहे. ‘आदिवासी बासरी, लाकूड आणि भोपळा’ एवढीच चिठ्ठी लावून तारपा विकला जातो. वाळवलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, त्यांतल्या जिभल्या, मेणाचे लिंपण, ताडाच्या पानांचा कर्णा, यांतली प्रत्येक गोष्ट कोणीतरी निवडलेली, कापलेली, जुळवलेली असते. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा यांच्यासारखे वादक तारपा स्वतःच घडवतात. करणाऱ्याचे नाव गळाले की तारपा दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होतो.

शिट्ट्यांच्या बाबतीत हे आणखी खरे. हडप्पा-मोहेंजोदडोच्या उत्खननात पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या पोकळ शिट्ट्या मिळाल्या. भाजलेली माती टिकली म्हणून त्या कळल्या. आंब्याच्या कोयीची पिपाणी किंवा पिंपळपानाची पुंगी मात्र एका ऋतूचीही सोबत करत नाही. ‘गाजराची पुंगी’ आपण म्हणीत घालून मोडून खाल्ली. अशा वाद्यांत वस्तू दुय्यम असते, करण्याची रीत मुख्य. ज्या संग्राहकाने ती रीत विचारून लिहून ठेवली, त्याची वही त्याच्या कपाटापेक्षा मोलाची आहे.

म्हणून विक्रीपूर्वी काही पथ्ये सुचवावीशी वाटतात. प्रत्येक वाद्याची लांबी, साहित्य, स्वर, घेतल्याचे साल, गाव आणि करणाऱ्याचे नाव लिहावे; वाजत असेल तर ध्वनिमुद्रण करावे. दुर्मीळ, न वाजणारी किंवा ज्यांचे करणारे उरले नाहीत अशी मोजकी वाद्ये संस्थेला द्यावीत. उरलेली वाजवणाऱ्यांना विकावीत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आणि हस्तिदंताच्या व्यापाराला तर बंदीच आहे, हे आधी पाहावे. विकलेल्या प्रत्येक वाद्यासोबत त्याच्या नोंदीची प्रत जावी. मूळ वही मात्र विकू नये. ती एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे विखुरलेला संग्रह निदान कागदावर एकत्र राहील.

आणखी एक मुद्दा पैशाचा. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कारागिरांशी हुज्जत घालून वस्तू स्वस्तात घेणारे आपणच असतो. वर्षांनी तीच वस्तू ‘संग्रहातील’ या बिरुदासह चढ्या भावाने विकली, तर वाढलेल्या किमतीवर करणाऱ्याचा काहीच हक्क नाही का? कायदा त्याबाबत विक्रेत्याला काही विचारणार नाही. पण ज्याचे नाव आणि गाव वहीत लिहिले आहे, त्याच्यापर्यंत त्यातला काही वाटा पोचवणे अवघड नसते. नाव लिहून ठेवण्याचा हा सर्वांत साधा उपयोग आहे.